परवलीचा शब्द

ज्या वसाहतीत आम्ही गेली बावीस वर्षे राहत आहो ती यमुनेच्या पूर्वतीरावर, मयूर विहार नामक भागात वसलेली असून तिच्या रक्षणार्थ दोन फाटके, सात दरवान, भिंतीवर काचांचे तुकडे आणि एक रजिस्टर एवढा सरंजाम तैनात आहे. आणि या सरंजामापैकी ज्याच्यावर सर्वांची खरी भिस्त आहे ते हे रजिस्टर, म्हणजे तांबड्या कापडी बांधणीची एक लांबोडकी वही, तिला सुतळीने जखडलेले एक बॉलपेन, आणि आलेल्या प्रत्येक परक्या माणसाने आपले नाव, राहण्याचे ठिकाण, येण्याचे कारण व आल्याची वेळ तीत स्वहस्ते नोंदवावी असा शिरस्ता. सेवानिवृत्तीनंतर मनुष्यास जे निरुद्योगी कुतूहल प्राप्त होते त्याच्या भरात मी एके दिवशी ती वही चाळली, तेव्हा मागल्या आठवड्यात आमच्या येथे अमिताभ बच्चन दोनदा आणि बादशहा अकबर एकदा येऊन गेल्याचे, आणि अकबराने येण्याचे कारण ‘गीझर’ असे दिल्याचे माझ्या निदर्शनास आले. दरवानास ही गोष्ट दाखविली तेव्हा त्याने वही हाती घेतली, चारही रकाने बोटाने तपासले आणि अत्यंत समाधानाने म्हणाला, “साहब, एंट्री तो पूरी है.”

त्या उत्तरास मी त्या वेळी हसलो, परंतु पुढे जे घडले त्यावरून हे हसणे अकाली होते असे मला कबूल करणे भाग आहे.

दिल्लीत ओळख पटविण्याची रीतच मुळी आपल्याकडच्याहून उलटी. पुण्यात दारावरच्या माणसाला आपण कोण हे सांगूनही तो आत घेईलच असे नाही, दिल्लीत दारावरचा माणूस विचारण्याच्या आतच आलेला गृहस्थ मोटारीची काच चार बोटे खाली करून “तू जानता नहीं मैं कौन हूँ?” असे विचारतो, दरवानास अर्थातच ठाऊक नसते, आणि ठाऊक नाही हे कबूल करण्यापेक्षा दांडी वर करणे त्याला सोपे जाते. पूर्वी या कामी मोटारीवरचा लाल दिवा उपयोगी पडे. १ मे २०१७ पासून केंद्र सरकारने ते दिवे उतरविले तेव्हा राजधानीतील कित्येक प्रतिष्ठितांवर आपले नाव तोंडाने सांगण्याचा अवघड प्रसंग गुदरला. दिवा कोणी लावला हे कधी कोणी विचारीत नसे. दिवा आहे, एवढे पुरे होते.

आमच्या वसाहतीपासून नोएडा ओलांडून यमुना एक्स्प्रेस वे धरला की १६५ किलोमीटरांच्या सरळ रस्त्याने आग्रा येते, आणि प्रत्येक मराठी माणूस त्या रस्त्याने जाताना मनातल्या मनात उलट दिशेने, पेटाऱ्यात बसून, प्रवास करीत असतो. १६६६ च्या ऑगस्ट महिन्यात फुलादखानाचा पहारा ढिला नव्हता. त्याची माणसे वेळोवेळी आत डोकावून पाहत, पलंगावर कोणी निजले आहे, पांघरुणाबाहेर हात दिसतो आहे, हातात ओळखीचे कडे आहे एवढी खातरजमा करून परत येत. आणि कडे खरोखरच महाराजांचे होते, फक्त हात हिरोजी फर्जंदाचा होता, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ही कथा मी शाळेत असल्यापासून शेकडो वेळा ऐकली व सांगितली, आणि दर वेळी मी निःसंकोच पेटाऱ्याच्या बाजूस होतो. फुलादखानाला त्या रात्री काय वाटले असेल याचा विचार करण्याचे कारण मला २०१७ पर्यंत पडले नाही.

त्याचे असे झाले की आमचे येथे एक मराठी मंडळ आहे. त्याचे नाव देत नाही, कारण मंडळात वाद अगोदरच पुष्कळ आहेत. या मंडळाने गणेशोत्सव, कोजागिरी, हळदीकुंकू आदी उपक्रमांची वार्ता सभासदांस घरबसल्या कळावी म्हणून संगणकावर एक अनुदिनी सुरू केली, आणि टंकलेखन येते एवढ्याच गुणावर तिचा कारभार माझ्याकडे सोपविला. अनुदिनी ज्या यंत्रणेवर चाले तिचे नाव वर्डप्रेस. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल या दोघांनी बी-टू नावाच्या एका जुन्या, वाऱ्यावर पडलेल्या यंत्रणेची डागडुजी करून ती मे २००३ मध्ये लोकांस विनामूल्य खुली केली, आणि आज ढोबळ मानाने जगातील पाच संकेतस्थळांपैकी दोन तिच्यावर चालतात. विनामूल्य ही गोष्ट आमच्या खजिनदारांस विशेष भावली होती.

या यंत्रणेचा दरवाजा उघडण्यास दोन गोष्टी लागतात: नाव आणि परवलीचा शब्द. पैकी नाव ही गोष्ट तिने कित्येक वर्षे सर्वांसाठी एकच ठरवून ठेवली होती, ती म्हणजे ‘ॲडमिन’. मालक कोणीही असो, मुंबईचा असो वा मेक्सिकोचा, सातबारावर नाव एकच. २०१० साली, तिसऱ्या आवृत्तीत, मालकाला आपले नाव आपणच निवडण्याचा हक्क मिळाला, परंतु तोवर जुने खातेदार ‘ॲडमिन’ याच नावाने रुजू झालेले होते व आम्हीही त्यांतलेच. म्हणजे दोन किल्ल्यांच्या कुलपाची एक किल्ली जगजाहीर होती. उरली दुसरी, ती ‘मोरया१२३’ अशी असून आजी-माजी पदाधिकारी धरून तेवीस जणांस मुखोद्गत होती, आणि चोविसावा कोणी विसरल्यास अडचण नको म्हणून मंडळाच्या कचेरीतील कालनिर्णयाच्या मागील बाजूस पेन्सिलीने लिहून ठेवलेली होती.

दरवान म्हणून ही यंत्रणा अतिशय सभ्य. चुकीचे नाव सांगाल तर असा कोणी येथे राहत नाही असे सांगेल. नाव बरोबर व शब्द चुकीचा असेल तर ‘ॲडमिन या नावासाठी दिलेला शब्द बरोबर नाही’ असे नावानिशी कळवील, म्हणजे साहेब येथेच राहतात, आपली किल्ली तेवढी दुसरी आणा, असे आर्जवाने सुचवील. आणि किती वेळा चुकावे याला, तुम्ही वेगळी तजवीज केल्याखेरीज, काही मर्यादा घालणार नाही. बँकेचे यंत्र तिसऱ्या चुकीला कार्ड अडकवून ठेवते. हा दरवान तीन लाखाव्या चुकीलाही पुनःश्च प्रयत्न करा म्हणतो. याचा लाभ माणसांपेक्षा यंत्रांनी अधिक घेतला. २०१३ च्या एप्रिलमध्ये हजारो बाधित संगणकांनी मिळून जगभरातील वर्डप्रेसच्या दारांवर ‘ॲडमिन’ हे नाव आणि नित्याच्या वापरातले परवलीचे शब्द एकामागून एक ठोठावून पाहिले. ‘मोरया१२३’ त्यांच्या यादीत नसावा. परदेशी चोरांचे मराठीकडे दुर्लक्ष होणे आमच्या पथ्यावर पडले, आणि भाषेच्या अनास्थेबद्दल त्या वर्षी मी कोठेही भाषण केले नाही.

परंतु परवलीच्या शब्दाचा भेद ही चोरीची केवळ प्राकृत रीत झाली. खरी रसाळ प्रकरणे निराळीच आहेत, आणि ती मला समजावून दिली आमच्या चिटणिसांच्या चिरंजीवांनी, जे गुरुग्राममध्ये संगणकाच्याच व्यवसायात आहेत आणि मंडळाच्या कार्यक्रमास फक्त जेवणाच्या वेळी येतात.

त्यांतले पहिले केंब्रिजचे. तेथील विद्यापीठात संगणकाच्या सुरक्षिततेचाच अभ्यास करणारे जे विद्वान आहेत त्यांची स्वतःची अनुदिनी वर्डप्रेसवर होती, आणि ती २००७ साली फोडली गेली. (वैद्यबुवांस पडसे व्हावे तसा हा प्रकार; तो ऐकून आमच्या मंडळातील सर्वांस मनापासून बरे वाटले.) स्टीव्हन मर्डॉक नावाच्या त्यांच्यातल्या अभ्यासकाने चोराने मागे ठेवलेल्या खात्याचा परवलीचा शब्द शोधावयाचे ठरविले. यंत्रणा तो शब्द जसाच्या तसा न ठेवता एमडी-५ नामक रीतीने त्याचा बत्तीस अक्षरी चुरा करून ठेवी, आणि चुऱ्यापासून पुन्हा शब्द घडविणे अशक्य मानले जाई. मर्डॉकने फारसे काही केले नाही. तो चुरा त्याने गूगलच्या शोधखिडकीत टाकला, आणि तोच चुरा आधी कोठे कोठे छापला गेला होता ते पाहून शब्द निघाला ‘अँथनी’. त्याच अभ्यासकाने आणखी दाखविले की दप्तरातला चुरा ज्याच्या हाती लागेल त्याला मूळ शब्द शोधण्याचीही गरज नाही, कारण त्या चुऱ्याचा आणखी एकदा चुरा केला की आत जाण्याचे दस्तक तयार होते.

हे दस्तक म्हणजे कुकी. नाव बिस्किटाचे असले तरी काम मोगलाईतल्या परवान्याचे: एकदा दारावर शब्द सांगितला की यंत्रणा तुमच्या हाती एक चिठ्ठी देते, आणि मग दालनोदालनी शब्द न सांगता ती चिठ्ठी दाखवीत फिरावे. मर्डॉकच्या टीकेनंतर २००८ च्या मार्चमध्ये आलेल्या २.५ व्या आवृत्तीत ही चिठ्ठी नव्याने घडविली गेली. तिच्यावर धारकाचे नाव, मग उभा दंड, मग मुदत, मग दंड, आणि शेवटी मजकुरात कोणी फेरफार केल्यास कळावे म्हणून त्या मजकुरावरूनच गुप्त किल्लीने सिद्ध केलेली मुद्रा. योजना अशी की पेशवाईतल्या फडणिसाने मान डोलवावी. फक्त मुद्रा सिद्ध करताना नाव आणि मुदत यांच्यामधला दंड गाळून दोन्ही एकापुढे एक चिकटविली जात.

मोडी वाचलेल्या माणसास यातली मेख तत्काळ कळेल. मोडीत आधी आडवी रेघ आखून घ्यावयाची आणि तिच्याखाली शब्द न तोडता बोरू धावता ठेवावयाचा. एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला हे वाचणाऱ्याने आपल्या अकलेने ठरवावे, आणि जमिनींच्या कित्येक दाव्यांचे आयुष्य त्या अकलेवर वाढले. तोच प्रकार येथे झाला. समजा, जेथे कोणासही नाव नोंदविण्याची मुभा आहे अशा ठिकाणी एका उपद्व्यापी इसमाने ‘ॲडमिन०’ असे, शेवटी शून्य जोडलेले, नाव नोंदविले. त्याला रीतसर दस्तक मिळाले. घरी येऊन त्याने नाव व मुदत यांच्यामधला दंड उचलला आणि शून्याच्या अलीकडे ठेवला. नाव झाले ‘ॲडमिन’. शून्य गेले मुदतीच्या आरंभी, जेथे शून्यास काही किंमत नसते. मुद्रा ज्या सलग अक्षरांवरून सिद्ध झाली होती त्यांत एक मात्रासुद्धा बदलली नव्हती, सबब ती अस्सल ठरली, आणि काल नाव नोंदविलेला इसम आज मुखत्यार होऊन गादीवर बसला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात जे घडले त्यासंबंधीच्या आख्यायिकेत आनंदीबाईंना निदान ‘ध’चा ‘मा’ तरी करावा लागला होता. येथे शाईच्या थेंबाचाही खर्च नव्हता. हा दोषही मर्डॉकनेच शोधला आणि महिन्याभरात तो २.५.१ मध्ये दुरुस्त झाला. चोराचे मन वाचता येणारा असा एखादा माणूस आमच्या हिशेबतपासनिसांतही असावा असे मी चिरंजीवांजवळ बोलून दाखविले. ते खजिनदारांच्या कानांवर गेले आणि दोन महिने आमचे बोलणे बंद होते.

पुढल्या वर्षीचे, म्हणजे २००९ च्या ऑगस्टमधले प्रकरण त्या मानाने निष्पाप. परवलीचा शब्द विसरलेल्या माणसास टपालाने एक किल्ली पाठवावयाची व ती दाखविल्यावर नवा शब्द द्यावयाचा अशी व्यवस्था होती. रिकाम्या हाताने येणाऱ्यास दरवान परत पाठवी. परंतु कोणी रिकामी पिशवी पुढे केली तर, पिशवी ही काही रिकामा हात नव्हे, या न्यायाने तिचा स्वीकार होई, आणि मग ज्याच्या नावे कोणतीही किल्ली दप्तरी नाही असा पहिला खातेदार शोधून, जो बहुधा खुद्द मालकच असे, त्याचा शब्द बदलला जाई. नवा शब्द मात्र इमानाने मालकाच्याच पत्त्यावर जाई. चोराने येऊन तुमचे कुलूप बदलावे आणि नवी किल्ली तुम्हालाच टपालाने धाडावी, यात त्याला काय मिळाले हे चिरंजीवांनाही सांगता आले नाही. वेळ जात नसलेली माणसे फक्त मराठी मंडळांतच असतात असे नाही.

आता आमच्यावर आलेल्या प्रसंगाकडे वळतो. डिसेंबर २०१६ मध्ये ४.७ वी आवृत्ती आली व तिच्यात, बाहेरील यंत्रांनी परस्पर लेख वाचावे-बदलावे म्हणून, एक नवी खिडकी आपोआप उघडली गेली. या खिडकीवर दोन कारकून बसविलेले होते असे समजा. पहिल्याचे काम, आलेल्या माणसास अमुक क्रमांकाचा लेख बदलण्याचा अधिकार आहे किंवा नाही हे तपासणे. दुसऱ्याचे काम, पहिल्याने हरकत न घेतल्यास लेख बदलून देणे. आता एखाद्याने अर्जात लेखाचा क्रमांक ‘१२’ असा न लिहिता ‘१२क’ असा लिहिला तर काय होई? पहिला कारकून दप्तर धुंडाळी. ‘१२क’ अशी फाइलच नाही असे त्यास आढळे. आणि जी फाइल अस्तित्वात नाही तिजवर हरकत कशी घ्यावी, असा बिनतोड विचार करून तो कागद पुढे सरकवी. दुसरा कारकून व्यवहारी. क्रमांकात अक्षर कशाला, म्हणून तो ‘क’ पुसून टाकी, बारावी फाइल काढी, पहिल्याची हरकत नाही हे पाही, आणि अर्जाबरहुकूम सगळा मजकूर बदलून देई.

मी तेहेतीस वर्षे दिल्लीतल्या एका मंत्रालयात काढली आहेत. चिरंजीवांनी हे वर्णन संपविल्यावर, यात दोष नेमका कोठे आहे, असे मी त्यांना विचारले. दोघाही कारकुनांनी आपापले काम नियमास धरून केले होते. ‘सदर विषयाची फाइल या शाखेत उपलब्ध नाही, सबब या शाखेची हरकत नाही’ हे वाक्य मी स्वतः किती कागदांवर लिहिले असेल याची गणती नाही, आणि त्याच्यापुढे ते कागद कोणकोणत्या फायलींत जाऊन मिळाले हे पाहणे माझ्या शाखेच्या कक्षेबाहेर होते. चिरंजीव माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले. “काका,” ते म्हणाले, “तुम्ही तो कोड लिहिला नाहीत ना?”

हा दोष सुकुरी नावाच्या सुरक्षा-कंपनीच्या संशोधकाने हेरला. त्यावरची दुरुस्ती ४.७.२ या आवृत्तीत आली, आणि तिच्यावरची तारीख आहे २६ जानेवारी २०१७. म्हणजे तेव्हा राजपथ म्हणविणाऱ्या आजच्या कर्तव्यपथावर सैन्य संचलन करीत होते त्याच दिनांकास ही दुरुस्ती प्रसृत झाली. निर्मात्यांनी शहाणपणाने दोषाचा तपशील तेवढा झाकून ठेवला, लोकांनी आठवडाभरात डागडुजी करून घ्यावी म्हणून. आणि १ फेब्रुवारीस तो जाहीर केला. पुष्कळांच्या यंत्रणांनी स्वतःच दुरुस्ती करून घेतली होती. आमच्या यंत्रणेस ती सोय बंद करून ठेवलेली होती, कारण एकदा अशा आपोआप दुरुस्तीनंतर गणपतीचे चित्र पानाच्या डावीकडून उजवीकडे गेले व उजव्या सोंडेवरून मंडळात दोन तट पडले. तेव्हापासून, ‘चालते आहे ते चालू द्यावे’ असा सर्वानुमते ठराव झाला होता. ठराव मीच मांडला होता.

पुढे थोड्याच दिवसांत जगभरातील पंधरा लाखांवर पाने विद्रूप झाली, आणि त्यांत एक पान आमचे. रथसप्तमीच्या सुमारास होणाऱ्या हळदीकुंकवाची वेळ, स्थळ आणि वाण काय ते जेथे लिहिले होते, तेथे सकाळी काळ्या पार्श्वभूमीवर हिरव्या अक्षरांत कोणा परदेशी इसमाने आपण येथे येऊन गेल्याची द्वाही फिरविली होती. एरवी दिवसास सहा जण आमची अनुदिनी पाहत, व त्यांत चार वेळा चिटणीस स्वतः असत. त्या दिवशी पाहणाऱ्यांची संख्या मंडळाच्या इतिहासात प्रथमच तीन आकड्यांत गेली. उपाध्यक्षांनी मला दूरध्वनी करून नव्या सजावटीबद्दल अभिनंदन केले, मात्र हिरवा रंग थोडा सौम्य असता तर बरे झाले असते असे सुचविले. आमच्या सौभाग्यवतीने ते पान चष्मा लावून वाचले व विचारले, “वाण काय देणार ते कुठे लिहिलंय?”

कार्यकारिणीची तातडीची सभा सात दिवसांच्या नोटिशीने बोलाविण्यात आली. दिल्लीतच लोधी रोडवर, सीजीओ संकुलात, अशा संकटांवर लक्ष ठेवणारी सर्ट-इन नावाची सरकारी संस्था २००४ पासून आहे. २०२२ सालापासून तर संस्थांनी व कंपन्यांनी अशा घटनेची वर्दी तिला सहा तासांत द्यावी असा आदेश आहे. तेव्हा तो नव्हता हे आमचे नशीब, कारण सहा तासांत आम्ही फक्त चहा सांगू शकतो. सभेत चौकशी झाली. परवलीचा शब्द जाणणारे तेवीसही जण एकमेकांकडे संशयाने पाहत बसले होते, एकाने तर कालनिर्णय पुरावा म्हणून आणला होता. आणि चिरंजीवांनी जेव्हा सांगितले की चोराने दरवाजाकडे पाहिलेदेखील नाही, परवलीचा शब्द त्याला कोणी विचारलाच नाही, तेव्हा सर्वांच्या चेहऱ्यांवर सुटकेपेक्षा निराशाच अधिक दिसली. आठ वर्षे जो शब्द आपण जपला (तेवीस जणांत का होईना) त्याला चोराने विचारू नये याचा अपमान माझ्याही मनास लागला. फुलादखानाची मला त्या क्षणी आठवण झाली. तोही दारावरच उभा होता.

यानंतर जे कडक उपाय झाले त्यांची हकीकत थोडक्यात सांगतो. ‘ॲडमिन’ हे नाव रद्द झाले. आपोआप दुरुस्तीस मान्यता मिळाली. सोंड ज्या बाजूस जाईल ती मंडळास मान्य राहील असे इतिवृत्तात नमूद आहे. परवलीचा शब्द वीस अक्षरांचा, कोणत्याही देवाचे नाव नसलेला, असा ठरला, आणि त्याखेरीज दर वेळी एक सहा आकडी संकेत खजिनदारांच्या मोबाइलवर यावा अशी दुहेरी तजवीज करण्यात आली. खजिनदार गेल्या दिवाळीपासून इंदिरापुरमचे घर भाड्याने देऊन लेकीकडे नागपुरास राहतात, दुपारी एक ते चार झोपतात आणि अनोळखी क्रमांकावरून आलेला संकेत कोणासही सांगू नये ही बँकेची सूचना ते अक्षरशः पाळतात. मी कोण हे त्यांना फोनवर पटवून देण्याचा मी तीनदा प्रयत्न केला आहे. त्यामुळे अनुदिनीवर अद्याप गेल्या कोजागिरीचीच सूचना आहे, आणि मसाला दूध रात्री नऊ वाजता मिळेल असे ती रोज सांगते.

नवा शब्द कालनिर्णयाच्या मागे लिहिलेला नाही, मी पाहून आलो. वाचकांपैकी कोणास तो ठाऊक असल्यास कृपया मला कळवू नये.